हवेचा रोध नगण्य नसतो तेव्हा

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले पहिले प्रकरण गुरुत्वाकर्षणाचे. तिथे मुक्त पतनाची ओळख होते आणि पुढे कॉलेजपर्यंत गणितांच्या मागे एक अट चिकटून येते: हवेचा रोध नगण्य मानावा. अट मान्य केली की गणित दोन ओळींत सुटते. पण तोच हिशेब पावसाच्या थेंबाला लावून पाहा. दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेला थेंब जमिनीवर येईल तेव्हा त्याचा वेग ताशी 700 किलोमीटरहून अधिक भरतो. असा पाऊस पडला असता तर छत्रीच काय, कौलेही टिकली नसती. प्रत्यक्षात तीन मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब ताशी साधारण 29 किलोमीटर वेगाने येतो. जी गोष्ट उत्तर वीस-पंचवीसपटीने बदलते तिला नगण्य कशी म्हणायची?

हवेतून पडणाऱ्या वस्तूचे काय होते, हा प्रश्न अडीच हजार वर्षे जुना आहे. त्याचा निम्मा भाग, म्हणजे गुरुत्वाचा, चोख सुटला. उरलेला निम्मा, म्हणजे हवेचा, सुटला तो वेगळ्या रीतीने: सूत्र हाती आले, पण त्यातली एक संख्या आजही बहुतेक वेळा मोजूनच घ्यावी लागते. या दुसऱ्या भागात काय कळले आहे आणि काय कळायचे आहे, याचा हा आढावा.

मनोऱ्यावरचे गोळे

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते आणि माध्यम जितके दाट तितके पतन मंद, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते. त्याची थट्टा करण्याची आपल्याला सवय लागली आहे. पण तो हवेतल्या आणि पाण्यातल्या पतनाबद्दल बोलत होता, निर्वातातल्या नव्हे. एकाच आकाराचे दोन गोळे पुरेसे खोल पाण्यात सोडले तर जड गोळा खरोखरच आधी तळ गाठतो. ॲरिस्टॉटल चुकला तो प्रमाणात: दहापट वजनाची वस्तू दहापट वेगाने पडत नाही. सहाव्या शतकात जॉन फिलोपोनसने नेमके हेच दाखवून दिले होते. 1586 मध्ये डेल्फ्ट शहरात सिमॉन स्टेविन आणि यान दे ग्रूट यांनी शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट वजनाचा, 30 फुटांवरून फळीवर सोडले. दोन्हींचा आवाज एकदमच आला.

पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गोष्ट गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून पसरली. गॅलिलिओने स्वतः 1638 च्या ग्रंथात लिहिले ते अधिक सावध आहे. शंभर हात उंचीवरून शंभर पौंडांचा आणि एक पौंडाचा गोळा सोडला तर मोठा गोळा दोन बोटे पुढे असेल, असे तो सांगतो. म्हणजे फरक पडतो हे त्याला ठाऊक होते आणि दोष हवेचा आहे हेही. आजच्या सूत्राने लोखंडी गोळ्यांचा हिशेब मांडला तर हे अंतर दोन बोटे नव्हे, जवळपास मीटरभर निघते. दहा सेंटिमीटर व्यासाचे दोन गोळे घेतले, एक लोखंडाचा आणि एक लाकडाचा, तर 55 मीटर पडल्यावर लाकडी गोळा साधारण साडेचार मीटर मागे असेल. ते नुसत्या डोळ्यांना दिसेल.

गॅलिलिओचे मोठेपण या मीटरभराकडे दुर्लक्ष करण्यात आहे. हवा बाजूला सारल्यावर काय उरेल, हा प्रश्न त्याने विचारला आणि त्यातून समान त्वरणाचा नियम मिळाला. त्याचा सर्वांत देखणा पुरावा 2 ऑगस्ट 1971 रोजी चंद्रावर मिळाला. अपोलो-15 चा कमांडर डेव्हिड स्कॉट याने हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकाच वेळी खाली टेकले. पण चंद्रावर हवा नाही. आपल्याला राहायचे आहे ते हवेच्या तळाशी.

सेंट पॉलचा घुमट

दुसऱ्या निम्म्या भागाला हात घातला न्यूटनने. ‘प्रिन्सिपिया’चा दुसरा खंड मुख्यतः रोध करणाऱ्या माध्यमातल्या गतीवर आहे. वस्तू समोरची हवा बाजूला सारते. वेग दुप्पट झाला तर एका सेकंदात दुप्पट हवा सारावी लागते, तीही दुप्पट वेगाने. म्हणून रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पडताळ्यासाठी 1710 च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये 220 फुटांवरून काचेचे गोळे सोडण्यात आले. पारा भरलेले गोळे चार सेकंदांत खाली आले. नुसती हवा असलेल्या मोठ्या गोळ्यांना आठ-साडेआठ सेकंद लागले. 1719 मध्ये देझाग्युलिए याने त्याच इमारतीत 272 फुटांवरून डुकरांची फुगवलेली मूत्राशये सोडली. शिशाचा गोळा सव्वाचार सेकंदांत आला, मूत्राशयांना 17 ते 22 सेकंद लागले. एका मूत्राशयाला सुरकुत्या होत्या आणि त्यामुळे ते किंचित रेंगाळले, अशीही नोंद न्यूटनने केली आहे. पृष्ठभाग कसा आहे यावर रोध बदलतो, हे पुढे दोनशे वर्षांनी फार महत्त्वाचे ठरणार होते.

या वर्गाच्या नियमातून अंत्य वेग निघतो. वस्तू सुटते तेव्हा रोध शून्य असतो. वेग वाढतो तसा रोध वाढतो आणि एका क्षणी तो वजनाइतका होतो. त्यापुढे त्वरण संपते आणि वस्तू एकसारख्या वेगाने पडत राहते. सूत्र शब्दांत असे: अंत्य वेगाचा वर्ग म्हणजे वस्तुमान आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले हवेची घनता, समोरचे क्षेत्रफळ आणि रोध-गुणांक यांचा गुणाकार. वस्तुमान तराजूवर मिळते, क्षेत्रफळ पट्टीने मोजता येते. अडचण आहे ती त्या शेवटच्या गुणांकाची.

सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचे समीकरण कागदावर सुटते. पण वस्तू तिरकी फेकली की ते हट्टी होते. योहान बर्नुलीने 1719 मध्ये उत्तर दिले ते न सुटलेल्या संकलनाच्या रूपात. तोफखान्यांना तर आकडे हवे होते. बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्ये झुलत्या ठोकळ्यावर गोळी मारून तिचा वेग मोजला आणि गॅलिलिओचा सुबक पॅराबोला बंदुकीच्या गोळीला मुळीच लागू पडत नाही हे दाखवून दिले. पुढे मारापल्ल्याची कोष्टके हाताने करणे इतके जिकिरीचे झाले की त्यासाठी अमेरिकी सैन्याने एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधवून घेतला. तो 1945 च्या अखेरीस तयार झाला. संगणकयुगाच्या पायाशी हवेचा रोध आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

फार लहान वस्तूंचा कायदा वेगळा

वर्गाचा नियम दगडाला चालतो, धुक्याच्या कणाला नाही. 1851 मध्ये जॉर्ज स्टोक्सने दाखवले की फार लहान आणि फार मंद गोळ्याला हवा सारण्यापेक्षा तिच्या चिकटपणाचा, म्हणजे श्यानतेचा, अडथळा अधिक होतो. तिथे रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो आणि अंत्य वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. कण निम्मा झाला की तो चौपट हळू पडतो. ढगातला 20 मायक्रॉन व्यासाचा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरतो; किलोमीटरभर खाली यायला त्याला जवळजवळ दिवस लागेल, आणि हवेचा हलका झोतसुद्धा त्याला परत वर नेतो. ढग तरंगतात असे आपण म्हणतो. खरे तर ते पडतच असतात, फक्त अतिशय सावकाश. अडीच मायक्रॉनचा धुळीचा कण स्थिर हवेत एक मीटर उतरायला सुमारे दीड तास घेतो. शहरातला सूक्ष्म धुरळा खाली का बसत नाही, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

स्टोक्सच्या नियमाने एक मोठे काम केले. रॉबर्ट मिलिकनने तेलाचे सूक्ष्म थेंब हवेतून पडताना पाहिले, विद्युतक्षेत्राने त्यांना वर उचलले आणि त्यावरून इलेक्ट्रॉनचा भार काढला. त्याला 1923 चे नोबेल मिळाले. मात्र त्याचा आकडा आजच्या मूल्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने कमी आला होता. कारण शोधता शोधता बोट ठेवले गेले ते हवेच्या श्यानतेवर. तिचे त्या काळी धरलेले मूल्य किंचित चुकले होते. विश्वाचा एक मूलभूत स्थिरांक हवेच्या चिकटपणामुळे वर्षानुवर्षे चुकीचा छापला जात होता.

दगडाचा कायदा कुठे संपतो आणि धुक्याचा कुठे सुरू होतो, हे ठरवणारी संख्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सच्या 1883 च्या प्रयोगांतून पुढे आली. वेग, आकार आणि घनता यांचा गुणाकार श्यानतेने भागला की रेनॉल्ड्स अंक मिळतो. तो एकाहून बराच लहान असेल तर स्टोक्स. हजाराच्या पुढे गेला की ढोबळमानाने न्यूटन. मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ. पावसाचे बरेचसे थेंब नेमके या मधल्या पट्ट्यात येतात.

हट्टी गुणांक

आता त्या गुणांकाकडे वळू. 1752 मध्ये दालांबेरने गणित करून दाखवले की श्यानता अजिबात नसलेल्या आदर्श प्रवाहात वस्तूवर रोध शून्य येतो. हवेची श्यानता इतकी अल्प की ती शून्य धरायला हरकत नसावी. तरी अनुभव उलटा. हा विरोधाभास दीडशे वर्षे टिकला. 1904 मध्ये लुडविग प्रांटलने हायडेलबर्गच्या गणित परिषदेत उत्तर मांडले. वस्तूला लगटून हवेचा एक पातळ सीमास्तर असतो आणि श्यानतेचा सगळा खेळ तिथे चालतो. हा स्तर वस्तूच्या मागच्या बाजूला पृष्ठभागापासून सुटतो, मागे भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो, तिथे दाब कमी पडतो आणि वस्तू मागे ओढली जाते. रोध मुख्यतः पाठीमागे जन्मतो, समोर नव्हे.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये गुस्ताव्ह आयफेल आपल्या मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरून, 115 मीटरवरून, तारेच्या आधाराने पत्रे खाली सोडून रोध मोजत होता. नंतर त्याने वातविवर बांधले. गोळ्याचा रोध-गुणांक त्याला ग्योटिंगेनमधल्या प्रांटलच्या आकड्यापेक्षा निम्म्याहूनही कमी मिळाला. चूक कोणाची? चूक कोणाचीच नव्हती. आयफेलचा वारा अधिक वेगवान होता. 1912 मध्ये त्याने दाखवले की एका ठरावीक वेगानंतर गोळ्याचा रोध अचानक कोसळतो. 1914 मध्ये प्रांटलने कारण सांगितले: सीमास्तर क्षुब्ध झाला की तो पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो आणि मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो. गोळ्यावर बारीक तारेचे कडे बसवून त्याने हा बदल कमी वेगातही घडवून आणला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच करतात. देझाग्युलिएच्या सुरकुत्यांनी रोध वाढवला आणि खळगे तो घटवतात, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा परिणाम वेगावर आणि आकारावर अवलंबून असतो.

सह्याद्रीवरचा थेंब

पावसाचा थेंब चित्रात अश्रूसारखा काढतात. तो तसा नसतो. एक मिलिमीटरपर्यंतचा थेंब गोल असतो. मोठा थेंब खालून हवेच्या दाबाने चपटा होतो आणि वडापावच्या पावाच्या वरच्या अर्ध्यासारखा दिसतो. चपटा झाल्यामुळे त्याचे समोरचे क्षेत्रफळ वाढते आणि रोधही. गन आणि किंझर यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केलेली मापने आजही प्रमाण मानली जातात: एक मिलिमीटरच्या थेंबाचा अंत्य वेग सेकंदाला चार मीटर, दोन मिलिमीटरचा साडेसहा, पाच मिलिमीटरचा नऊच्या आसपास. त्यापुढे वेग जवळपास वाढतच नाही आणि थेंब फुटू लागतात. मुसळधार पाऊस कितीही म्हटला तरी थेंबाला ही मर्यादा ओलांडता येत नाही.

हवामानखात्यासाठी हा आकडा रोजच्या कामाचा आहे. रडारला परत येणारा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, तर पावसाची तीव्रता थेंबांचे घनफळ आणि पडण्याचा वेग यांवर ठरते. थोडे मोठे थेंब आणि पुष्कळ बारीक थेंब सारखाच प्रतिध्वनी देऊ शकतात, पण जमिनीवर पडणारे पाणी वेगळे असते. म्हणून थेंबांचे आकार प्रत्यक्ष मोजावे लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा 2012 पासून आहे, आणि थेंबांची मोजदाद हे तिथल्या कामांपैकी एक. घाटमाथ्यावरच्या मान्सूनमध्ये बारीक थेंबांचे प्राबल्य असते, त्यामुळे दुसरीकडचे सूत्र उचलून इथे लावले तर अंदाज चुकतो.

उंदीर, माणूस, गोळी

आकार तोच ठेवून वस्तू लहान केली तर वजन लांबीच्या घनाने घटते आणि क्षेत्रफळ वर्गाने. म्हणून लहान प्राणी हळू पडतो. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1926 च्या गाजलेल्या निबंधात खोल खाणीत पडणाऱ्या उंदराचे आणि घोड्याचे उदाहरण दिले ते यासाठी: उंदीर झटकून चालू लागतो, घोड्याच्या चिंधड्या होतात. मुंगीला तर उंचीने मरण नाही. मांजरांवरचा वाद मात्र मिटलेला नाही. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची माहिती छापली. सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना इजा कमी दिसल्या. पण जागीच मेलेले मांजर दवाखान्यात कोणी आणत नाही, हा आक्षेप रास्त आहे.

उंच इमारतीवरून टाकलेले नाणे माणसाला मारते, ही अफवाच. गडगडत येणाऱ्या नाण्याचा अंत्य वेग ताशी 40 ते 60 किलोमीटरच्या आसपास राहतो. गोळीचे तसे नाही. ती जड, बारीक आणि निमुळती. अमेरिकेत 1920 च्या सुमारास आकाशात झाडलेल्या रायफलच्या गोळ्या सेकंदाला सुमारे 90 मीटर वेगाने परत येतात असे आढळले. हा वेग कवटी फोडायला पुरतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांसाठी 2019 च्या शस्त्र कायदा दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि तिला भौतिकशास्त्राचा पूर्ण आधार आहे.

हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाचा अंत्य वेग ताशी 200 किलोमीटरच्या जवळपास असतो. पण तो हवेच्या घनतेवर ठरतो, आणि घनता उंचीवर बदलते. फेलिक्स बाउमगार्टनर 14 ऑक्टोबर 2012 रोजी सुमारे 39 किलोमीटरवरून उडी मारून ताशी 1,357 किलोमीटरवर, ध्वनीच्या वेगापुढे, पोहोचला. नंतर छत्री उघडण्याच्या कितीतरी आधीच त्याचा वेग घटू लागला, कारण खालची हवा दाट होती. पडत असताना वेग कमी होणे शालेय सूत्रात कुठेच बसत नाही.

ग्रहागणिक वेगळी छत्री

1797 मध्ये गार्नरँ पॅरिसवर फुग्यातून छत्रीच्या आधारे उतरला तेव्हा ती भयंकर हेलकावत होती. पुढे छत्रीच्या शेंड्याला भोक ठेवले की हेलकावे कमी होतात हे कळले. आज ही विद्या ग्रहांवर गेली आहे. चंद्रावर हवा नाही, म्हणून 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 ने सगळा वेग इंजिनांनीच मारला. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या शंभरांश भागाहूनही कमी, पर्सिव्हरन्सला 21.5 मीटर व्यासाची छत्री असूनही शेवटी रॉकेटे लागली. उलट शुक्राची हवा इतकी दाट की 1975 च्या व्हेनेरा-9 ने पन्नासेक किलोमीटरवरच छत्री टाकून दिली आणि पुढचा रोध धातूच्या चकतीने पुरवला. शनीच्या टायटनवर 14 जानेवारी 2005 रोजी हॉयगेन्स सुमारे अडीच तास सावकाश उतरत राहिले. गगनयानच्या छत्र्यांची 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याजवळ चाचणी झाली, ती याच मालिकेतली.

जे अजून सुटलेले नाही

गोळा सोडून पान घेतले की आपली मजल लगेच थांबते. कागदाचा तुकडा कधी डोलत, कधी कोलांट्या घेत पडतो. मॅक्सवेलने 1854 मध्ये यावर निबंध लिहिला आणि विषय आजही चालू आहे. वावळीचे चपटे पंखी फळ आणि रुईची म्हातारी आपापल्या परीने पतन लांबवतात. मेपलच्या गिरक्या घेणाऱ्या बियांच्या पंखावर भोवरा चिकटून राहतो आणि त्यांना उचलून धरतो, हे 2009 मध्ये दिसले. डँडेलियनच्या तुऱ्यावर तुऱ्याला न चिकटता तरंगणारे भोवऱ्याचे कडे असते, हे एडिनबरोच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले. क्षुब्ध प्रवाहाची समीकरणे दीडशे वर्षांहून जुनी आहेत. त्यांची उत्तरे सदैव सुरळीत राहतात का, हे सिद्ध करणाऱ्याला क्ले संस्थेने 2000 साली जाहीर केलेले दहा लाख डॉलरचे बक्षीस अजून तसेच पडून आहे.

निष्कर्ष सरळ आहे. गुरुत्व सर्वांना सारखे वागवते. हवा आकार, माप, पोत आणि वेग पाहून वागवते. गुरुत्वाचा नियम एका ओळीत लिहिता येतो, हवेचा रोध मात्र प्रत्येक वस्तूसाठी मोजावा लागतो. ही भौतिकशास्त्राची उणीव नव्हे. निसर्गाचा बराच भाग असाच आहे आणि तो विद्यार्थ्यांपासून लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. मुक्त पतन शिकवून झाले की एक तास हवेला द्या. जेवणावळीतले कागदी द्रोण घ्या. एक द्रोण चार मीटरवरून आणि एकात एक बसवलेले चार द्रोण आठ मीटरवरून, वारा नसलेल्या जिन्यातून, एकाच वेळी सोडा. वजन चौपट, आकार तोच, म्हणून अंत्य वेग दुप्पट. ते जवळजवळ एकाच वेळी खाली येतील. थोडा फरक राहील, तो वेग पकडायला लागलेल्या वेळेचा. तो फरक मुलांनाच शोधू द्या.